अरेलियाचे कोंब

धाकटी मेव्हणी सकाळी आली ती पिशवीत कात्री आणि ओलं फडकं घेऊनच. दारातूनच म्हणाली, "भाऊजी, बाकी सगळं नंतर. आधी खाली चला. ताईच्या अरेलियाची एक फांदी मला लावायचीय."

खाली काही नव्हतं. ते झाड मी चार महिन्यांपूर्वी टाकून दिलं होतं. हिला माहीत नव्हतं, आणि हिच्या ताईला, म्हणजे माझ्या बायकोला, शेवटपर्यंत कळलं नाही. बायको जाऊन आता दोन महिने झाले. तेव्हापासून आपणहून माझी चौकशी करणारं माणूस म्हणजे ही धाकटी. खरं सांगितलं तर तीही तुटेल, ही भीती होती.

अठरा वर्षं ते झाड आमच्या खिडकीपाशी होतं. छातीएवढं उंच, कोथिंबिरीसारखी बारीक कातरलेली पानं. बायको मातीत बोट खुपसून बघायची आणि दोन पेरं कोरडी लागली तरच पाणी घालायची, तेही आदल्या दिवशी भरून ठेवलेलं. पानांवर रोज फवारा. मी म्हणायचो, "माझी एवढी काळजी घेत नाहीस."

"याची जागा हलवली की पानं गळतात," ती म्हणायची. "तुमचं काय गळायचं ते गळून झालंय."

ती अंथरुणाला खिळली तेव्हा तिचा पलंग खिडकीपाशी घ्यावा लागला. शेजारी ऑक्सिजनचं मशीन. मी कुंडी बाहेर पॅसेजमध्ये सरकवली. तीन आठवड्यांत सगळी पानं गळाली, नुसत्या काड्या राहिल्या. ती पलंगावरून म्हणाली, "रुसलंय ते. पाणी कमी करा आणि महिनाभर हात लावू नका. येतील कोंब."

मी आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या. लिफ्ट चालते किंवा बंद असते. रुसलेली लिफ्ट मी पाहिली नाही.

एके दिवशी सकाळी मी कुंडी कचऱ्याच्या गाडीसाठी खाली नेऊन ठेवली. तिला सांगितलं, खालच्या मजल्यावरच्या शिक्षिका बाईंच्या खिडकीत ठेवलंय, तिथे उजेड चांगला आहे. तिला बरं वाटलं. चार दिवसांनी तिने विचारलं, "कोंब आला?" मी म्हणालो, एक आलाय. तिचं जेवण सुटलं तेव्हा दुसरा आला म्हणालो. शेवटच्या आठवड्यात तिसरा.

"चला ना," धाकटी कात्री बाहेर काढत म्हणाली. "सात कोंब आलेत म्हणे. एक फांदी दिली तर काय होणार आहे त्याला?"

"सात कोण म्हणालं?"

"ताई. शेवटच्या फोनवर. कसली खूश होती!"

मी तीनच सांगितले होते. वरचे चार तिने स्वतःच वाढवले होते. हे ऐकल्यावर मला चप्पल घालणं जमेना.

"झाड नाहीये," मी म्हणालो. "बाईंकडे कधीच नव्हतं. मी टाकलं ते."

ती रिकाम्या पलंगावर बसली. मग समजूत काढल्यासारखं म्हणाली, "वाळलं असेल हो. तेव्हा तुमचं डोकं ठिकाणावर कुठे होतं? एवढं मनाला लावून घेऊ नका."

इथे नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

तिने सहजच विचारलं, "नखाने साल खरवडून बघितली होती ना? आत हिरवं असलं तर झाड जिवंत असतं. ताईने सांगितलं असेलच."

"सांगितलं होतं."

"मग?"

"खरवडली होती. हिरवं होतं."

तिने कात्री मांडीवर ठेवली.

"त्या दिवशी सकाळपासून तीन वेळा चादर बदलली होती," मी म्हणालो. "औषध द्यायचं, कूस बदलायची, मशीन बघायचं. त्यात हेही जगायला बसलेलं, माझ्याच जिवावर. घरात टाकून देता येण्यासारखं तेवढं एकच होतं. म्हणून टाकलं."

"कचऱ्याची गाडी लगेच आली?"

"पाऊण तासाने."

"तोपर्यंत कुंडी खालीच होती?"

"फाटकापाशी. मी खिडकीतून बघत होतो."

"आणि ताई?"

"झोपली होती."

तिने कात्री पिशवीत टाकली. वाटलं, उठून जाईल. मी बाजूलाही सरकलो. ती उठली नाही.

"आईला मी सात कोंब सांगितलेत," ती म्हणाली. "ताई गेल्यापासून ती रोज त्या झाडाचं विचारते. आता माझ्याकडून खोटं बोलवणार नाही, आणि खरं सांगायचं धाडसही नाही."

"मी सांगतो त्यांना."

"कधी? सवडीने?"

"संध्याकाळी."

"आत्ता लावा फोन. मी इथेच बसलेय." तिने डोळे पुसले. "आणि हिरवं होतं तेही सांगा. मला सांगितलंत तसंच."

सासूबाईंना कमी ऐकू येतं. सगळं मोठ्याने सांगावं लागणार होतं. मी नंबर लावला.