दुर्मीळ रक्ताची वेबसाइट

जुईला कामं उरकायची भारी घाई. बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणजे दहा हजारांत एखाद्याचं रक्त, आणि त्या माणसाला दुसरं कुठलंही चालत नाही. असे दाते शोधून देणारी वेबसाइट तिच्या वडिलांनी, श्यामकांतांनी, गिरगावातल्या घरातूनच सुरू केली होती. चालवायची जुई. ती नव्या सर्व्हरवर हलवायची ठरली, तर या बाईने नवं नीट सुरू व्हायच्या आधीच जुनं खातं बंद करून टाकलं. एका दुपारपुरतं कोणाचं काय अडणार आहे, म्हणाली.

अडलंच. परळच्या एका हॉस्पिटलमधून डॉक्टर ऋतांचा फोन आला. बाळंतीण आहे, रक्तस्राव थांबत नाही, ग्रुप बॉम्बे.

"तासाभरात दाता पाठवा. त्यापुढे माझ्या हातात काही नाही."

जुईने वेबसाइट उघडली. पांढऱ्या पानावर एकच ओळ: डेटाबेसशी जोडणी झाली नाही.

दात्यांची माहिती नव्या सर्व्हरवर आली होती, पण नावं-नंबर कुलूपबंद, आणि ते उघडायचे तर वेबसाइटनेच. तिने सेटिंगची फाइल काढली. जुन्या ठिकाणी वेबसाइट आणि डेटाबेस एकाच मशीनवर होते, इथे डेटाबेस वेगळ्या मशीनवर. तिने पत्ता बदलला. तीच ओळ. पासवर्ड पुन्हा टाकला. तीच ओळ. होस्टिंगवाल्यांच्या फोनवर नुसतं संगीत वाजत होतं.

"जुई, घोडं कुठे अडलंय ते शांतपणे बघ," श्यामकांत म्हणाले.

मग तिला दिसलं. डेटाबेस केला होता, त्याचा युजरही केला होता, पण त्या युजरला डेटाबेस वापरायची परवानगी द्यायची राहिली होती. नवरा-नवरी मांडवात, आणि लग्न लावायचंच विसरले, अशातली गत. तिने परवानगी दिली आणि पान उघडलं.

मुंबईत तीन दाते. एक दुबईला गेलेला. दुसऱ्याने गेल्याच महिन्यात रक्त दिलेलं. राहिली लोअर परळची आकांक्षा. जुईने नंबर लावला. फोन तिच्या आईने, रखमाबाईंनी, उचलला.

"आकांक्षा परळच्या हॉस्पिटलात आत आसा, बाय. बाळंतपणात अडचण झाली. तिकाच रक्त व्हया, खंय गावना नाय."

जुईने फोन खाली ठेवला आणि तिला रडू फुटलं. ज्या बाळंतिणीसाठी ती दाता शोधत होती, तीच तिची शेवटची दाता होती. सगळ्यांना देणारीला द्यायला कोणी नव्हतं.

आकांक्षाचं पान समोर उघडंच होतं. तिने रक्त कधी दिलं, कोणाला दिलं. जुई ते वाचत राहिली आणि एकदम ताठ बसली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. ज्याला हेच रक्त लागलं, त्याचा ग्रुपही तोच असणार. चार वर्षांपूर्वी, अपघातात: गौतम, लालबाग.

तिने त्याला फोन लावला आणि परळच्या हॉस्पिटलात रक्त द्यायला लगेच याल का, विचारलं. गौतमच्या मागे मसाल्याची गिरणी घरघरत होती.

"मॅडम, मी स्वतः मरता मरता वाचलोय. सुई बघितली तरी चक्कर येते. बायको पण नको बोलेल. दुसरं कोणी बघा ना."

"दुसरं कोणी नाहीये."

"आहे कोण पेशंट?"

देणाऱ्याचं नाव घेणाऱ्याला कधी सांगायचं नाही, हा श्यामकांतांचा नियम. पोटच्या पोरीलाही त्यांनी तो मोडू दिला नव्हता. जुईने त्यांच्याकडे पाहिलं.

"सांग त्याला," ते म्हणाले.

"आकांक्षा नाव आहे तिचं," जुई म्हणाली. "अपघातात तुम्हाला रक्त मिळालं ना, ते तिचं होतं."

पलीकडे गिरणी बंद झाली.

"कुठल्या गेटने येऊ?" गौतमने विचारलं.