उभ्या गाडीचे तास

अक्षता गॅलरीत टॉवेल वाळत घालत होती, तेव्हा खाली गाडी सुरू झाली आणि तो आवाज पुन्हा आला. पत्र्याच्या डब्यात सुटे खिळे घालून कुणी हलवावा तसा. चार-पाच सेकंद, बस. मग इंजिन नेहमीच्या लयीत आलं. तिने वाकून हाक मारली, पण गाडीची काच बंद होती, आणि उघडी असती तरी बाबांना ऐकू गेलं असतंच असं नाही. चपला अडकवून ती दोन जिने उतरली.

नंदकुमार गाडी मागे घेत होते. तिने काचेवर टकटक केली.

"ऐकलंत का?"

"काय?"

"आवाज. गाडीचा. कालपण आला होता."

"नवी गाडी आहे ती. आवाज कसला करतेय?"

"नवी म्हणजे सव्वा वर्षाची आहे. बंद करून परत चालू करा बघू."

त्यांनी बंद केली, परत चालू केली. इंजिन मुकाट सुरू झालं.

"बघ. तुझ्याच डोक्यात मीटिंगा वाजतायत."

"तुम्हाला कुकरची शिट्टी ऐकू येत नाही, आणि म्हणे आवाज नाही."

"पस्तीस वर्षं पत्रा ठोकणाऱ्या प्रेस शॉपमध्ये काढली गं. तिथे ऐकू येणाऱ्याला कंपनी पगारच देत नव्हती." ते स्वतःच हसले, मोठ्याने. पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी खिडकीतून पाहिलं.

"शनिवारी मी दाखवून आणते."

"तू नको. मी बघतो," ते जरा घाईने म्हणाले. "कशाला तुझा शनिवार फुकट."

"आज कुठे स्वारी?"

"कुठे म्हणजे? किरण्याकडे. विक्रोळीला. दोनपर्यंत येतो जेवायला."

तिने घड्याळ पाहिलं. दहाची मीटिंग होती. वर येताना तिला गाडी फाटकाबाहेर पडल्याचं ऐकू आलं, मग मुलुंडच्या त्या गल्लीतला नेहमीचा गोंगाट. दोन वाजता ते आले, जेवले, भाजीत मीठ कमी आहे म्हणाले. संध्याकाळी दोघांनी टीव्हीवर एक जुनी मॅच पाहिली, जिचा निकाल दोघांनाही माहीत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासता घासता नंदकुमार बेसिनपाशी खाली बसले. रुग्णवाहिका लवकर आली. आणखी लवकर आली असती तरी फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले.

भेटायला येणाऱ्या सगळ्यांना अक्षता सारखंच सांगत असे. बाबा शेवटच्या दिवसापर्यंत हिंडते-फिरते होते. रोज गाडी काढायचे. आई गेल्यावर माणसं खचतात, बाबा नाही खचले. शेवटचं वर्ष त्यांनी मजेत घालवलं. लोक माना डोलवत. गाडी तू घेऊन दिलीस ना त्यांना, असं कुणीतरी म्हणेच. ती हो म्हणे आणि चहा आणायला उठे. रडणं तिला चारचौघांत जमत नव्हतं, एकटीलाही फारसं जमलं नव्हतं. पण ते वाक्य खरं होतं, आणि दिवसातून दोनदा-तीनदा ते बोललं की पुढचे काही तास निभत.

दोन महिन्यांनी तिने गाडीवरचं कव्हर काढलं. बटण दाबल्यावर आधी काहीच झालं नाही, मग खिळ्यांचा डबा वाजला. पूर्वीपेक्षा जास्त वेळ. तिने हात मांडीवर ठेवले आणि तो थांबेपर्यंत ऐकत राहिली. मग भांडुपच्या वर्कशॉपला फोन लावला.

तिथे सर्वेश नावाचा सुपरवायझर होता, तिशीचा, बोलका. त्याने गाडी एक चक्कर मारून आणली.

"काहीच नाही मॅडम. मख्खन आहे गाडी."

"आवाज फक्त सकाळी येतो. पहिल्यांदा चालू करताना."

"मग असं बोला ना. गरम इंजिन खोटं बोलतं. रात्रभर राहू दे इथे. सकाळी नऊला या. तोवर कुणाला हात लावू देत नाही, आणि तुमच्यासमोरच चालू करतो. नंतर आमच्यावर नाव नको."

सकाळी बॉनेट उघडं टाकून तो तिची वाट पाहत उभा होता. त्याने सीटवर बसून बटण दाबलं. आवाज आला.

"आला!" सर्वेश म्हणाला. त्याला आनंद झाला होता. "चेन आहे ही, इंजिनच्या आतली. टायमिंग चेन. पण एवढ्या नव्या गाडीत?" त्याने इंजिन बंद केलं, थोडा वेळ जाऊ दिला, मग ऑइल मोजायची पट्टी ओढून काढली, पुसली, परत बुडवली, परत काढली. नाकाशी नेली आणि तिच्यापुढे धरली.

"वास घ्या."

"पेट्रोल?"

"पेट्रोल. आणि हे बघा, खुणेच्या वर गेलंय. गाडीचं ऑइल कमी होतं मॅडम, वाढत कधी नाही. वाढलं म्हणजे पेट्रोल उतरलंय त्यात. पाण्यासारखं पातळ झालंय. सकाळी ते चेनपर्यंत पोचून दाब धरायला वेळ लागतो, तोपर्यंत ती अशी कोरडी वाजते."

"आणि पेट्रोल का उतरतं?"

"तेच बघू." त्याने स्टिअरिंगखाली वायर जोडली आणि लॅपटॉप सीटवर ठेवला. काही वेळ तो नुसता वाचत राहिला. मग दाराला टेकून तिच्याकडे वळला.

"एक विचारू? ड्रायव्हर किती वर्षं आहे तुमच्याकडे?"

"का?"

"त्याला आजच घरी पाठवा." त्याने लॅपटॉप तिच्याकडे फिरवला. "ही गाडी चाललीय तीन हजार एकशे साठ किलोमीटर. आणि इंजिन चालू होतं सहाशे नव्वद तास. त्यातले पाचशे ऐंशी तास गाडी जागेवर उभी. म्हणजे सरासरी काढली तर माणूस चालतो ना, त्या स्पीडने चाललीय तुमची गाडी. एसी लावून झोपा काढतो हो तो! मालक वर ऑफिसात, हा खाली गारेगार. रोज बघतो आम्ही असल्या केसेस. असं उभ्या उभ्या इंजिन चालू ठेवलं की पेट्रोल ऑइलात उतरतं. वाट लावली गाडीची."

"ड्रायव्हर नाहीये," अक्षता म्हणाली. "माझे वडील चालवायचे."

सर्वेशने दारावरचा हात काढला. 'चालवायचे' हा शब्द त्याला कळला होता.

"सॉरी मॅडम. मग ते मशीन कधी कधी चुकतं..."

"चुकतं का?"

तो वायर बोटाला गुंडाळत राहिला. "नाही," तो म्हणाला.

"रोजचे किती तास होतात? शनिवार-रविवार सोडून. चौदा महिने धरा."

त्याने मोबाइलवर हिशेब केला. "दोन तास. जवळजवळ रोज."

काम संपायला तीन वाजणार होते. वेटिंग रूममध्ये टीव्हीचा आवाज बंद केलेला होता. अक्षता कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली आणि पर्सचा पट्टा दोन्ही हातांत धरून राहिली.

घर एका बेडरूमचं. बेडरूमच्या खिडकीखाली इमारत पाडायचं काम चाललेलं, म्हणून तिचं टेबल हॉलमध्ये. बेडरूममधून स्वयंपाकघरात किंवा बाथरूमला जायचं तर तिच्या खुर्चीच्या मागून, कॅमेऱ्यासमोरूनच जावं लागे. नंदकुमार वाकून जात. वाकल्यामुळे ते दिसायचे थांबत नसत, उलट मीटिंगमधली माणसं अधिकच हसत. त्यांचा फोनवरचा आवाज तर प्रेस शॉपचाच होता. शिंक, घसा खाकरणं, आंघोळीतलं स्तोत्र, सगळं पलीकडे पोचे. एक दिवस बनियनवर, खांद्यावर पंचा टाकून ते मागून गेले आणि नेमके सलग तीनदा शिंकले. तिने कॅमेरा बंद केला. ती ओरडली नव्हती. अगदी हळू आवाजात, एकेक शब्द वेगळा करून म्हणाली होती, "बाबा, तुम्ही दिवसभर घरात असलात ना, की मला काम होत नाही."

ते बरं म्हणाले होते. सोमवारी दहा वाजता शर्ट-पँट घालून निघाले. जरा फिरून येतो म्हणाले. उन्हाळा होता. तीन महिने ते असे पायी गेले, लालबुंद चेहऱ्याने परतले, आणि मग तिने गाडी घेतली. सोसायटीतले सगळे नशीबवान आहात म्हणाले, आणि नंदकुमारांनी पेढे वाटले. विषय तिथे संपला असं तिला वाटलं होतं.

दोन तास. ती परत परत तिथे येत होती. पण दहा ते दोन म्हणजे चार तास होतात. दोन गाडीत काढले असतील, उरलेले दोन तरी विक्रोळीला, किरणकाकांकडे. रोज नसेल, आठवड्यातून तीनदा. दोनदा तरी.

तीनला सर्वेशने किल्ली दिली. "ऑइल बदललंय, चेन ताणून धरणारा टेन्शनर बदललाय. आता नाही यायचा आवाज." एवढंच बोलून तो थांबला. उभी गाडी चालू ठेवू नका, ही एरवी गिऱ्हाइकाला दिली असती ती सूचना त्याने दिली नाही.

ती मुलुंडकडे वळली नाही. विक्रोळीला निघाली.

किरणकाका कंपनीच्या दिवसांपासून त्याच घरात होते, तळमजल्यावर. बाबा आणि ते कुडाळहून एकाच वर्षी मुंबईत आले, एकाच मशीनवर लागले. अक्षताने गाडी लावली, तेव्हा ते दाराबाहेर खुर्ची टाकून पेपर वाचत होते. शेजारी काठी.

"कोण गो? अक्षता?" त्यांचा आवाजही बाबांसारखाच, सगळ्या इमारतीसाठी. "ये, ये. मी गावाक होतो गो तेव्हा, गुडघ्याचं झालेलं. बाराव्यालासुद्धा पोचलो नाही. तोंड कसं दाखवू तुला, असं झालंय."

"असं काय बोलता काका. बसा तुम्ही."

पण ते उठले. काठी टेकत गाडीपाशी गेले, तिच्याभोवती एक पूर्ण फेरी मारली आणि बॉनेटवर तळवा ठेवला.

"म्हणजे ही ती गाडी."

अक्षता त्यांच्या मागोमाग गाडीपाशी आली.

"फोटो पाठवलेला त्याने. म्हटलं, मेल्या, फोटो काय पाठवतोस? गाडी घेऊन ये, मला एक चक्कर मार. तर म्हणे, वेळ नाही."

"एकदाही नाही आले?"

"काय?"

"बाबा. गाडी घेऊन एकदाही नाही आले?" तिने आवाज चढवून विचारलं.

"येणार कधी? सकाळी तुला अंधेरीला ऑफिसात सोडायचं, दोनला परत घ्यायचं. मधे खाली गाडीत बसून असायचा. तिथून रोज फोन करायचा मला, तासतासभर. काय गप्पा! सगळी कंपनी परत उभी करायचो आम्ही. म्हणायचा, पोरगी वर काम करते, आपण खाली बसलेलो बरे, कधी लागलो तर. मी म्हटलं, नंद्या, शेवटी ड्रायव्हरच झालास की रे! तर हसला नुसता. म्हणाला, नोकरी चांगली आहे."

किरणकाका बोलता बोलता थांबले. त्यांनी डोळे पुसले, उघडपणे, हाताच्या पालथ्या बाजूने.

"मी इथे सगळ्यांना सांगतो," ते म्हणाले. "आजकालच्या मुली बघा आणि नंद्याची पोरगी बघा. बापाशिवाय ऑफिसला जात नव्हती. त्याला एवढं सुख दिलंस तू. खोटं बोलतोय काय मी?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. आतून काकू पाण्याचा तांब्या घेऊन आल्या होत्या आणि हसून उभ्या होत्या.

"काका," अक्षता म्हणाली, "माझं ऑफिस घरातच आहे. अंधेरीला नाही. मीटिंगमध्ये बाबांचा आवाज यायचा, म्हणून मी एकदा त्यांना म्हटलं होतं... नंतर मला वाटलं, ते मजेत फिरतायत. मग परत काही बोललेच नाही."

ती जमिनीकडे बघून बोलत होती. किरणकाकांनी कानामागे हात धरला आणि तिच्या जवळ आले.

"काय म्हणतेस? ऐकू नाही येत गो. मोठ्याने बोल."

वरच्या मजल्यावर कुणीतरी कठड्याशी येऊन उभं राहिलं होतं. काकू तांब्या धरून तशाच थांबल्या होत्या. अक्षताने मान वर केली.

"मी बाबांना घरात बसू दिलं नाही, काका," ती मोठ्याने म्हणाली.