दहावी खुर्ची

"बोटं फाकव गं नीट, नाहीतर पिसं एकमेकांना चिकटतील," असं म्हणत लोर्नानं नणंदेच्या पाच वर्षांच्या नातीचा, पॉलीचा, तळवा खाकी कागदावर दाबून धरला आणि कडेकडेनं खडू फिरवायला घेतला. अंगठा झाला की टर्कीचं डोकं, चार बोटं झाली की पिसारा. थँक्सगिव्हिंगच्या सणाला मुलांच्या टेबलावर असा कागद अंथरायचा आणि घरात येईल त्यानं, रांगणारं बाळ असो की काठी टेकणारा म्हातारा, त्यावर आपला हात ठेवायचा, हे या घरात कधी चुकलं नव्हतं.

"आता चष्मा काढ ना हिला," पॉली म्हणाली. "गॅव्हिनकाका काढायचा. डेलआजोबांच्या टर्कीला तर त्यानं टक्कल काढलं होतं."

"टर्की टकलीच असते, बाळा."

"म्हणून मग तो तिला टोप घालायचा."

लोर्नानं चष्मा काढला. तो वाकडा आला. पॉलीनं मान तिरकी करून पाहिलं आणि मोठ्या माणसासारखी गप्प बसली. पोरीला एवढं कळतं आणि आपल्याला हसूसुद्धा आणता येत नाही, असं लोर्नाच्या मनात आलं. तिनं खडू डब्यात टाकला.

गॅव्हिन तिचा एकुलता एक मुलगा. चोविसाव्या वर्षी, गेल्या मार्चमध्ये, बर्फावर चालवायची स्कूटर घेऊन तो गोठलेल्या तळ्यावर गेला आणि बर्फ फुटून आत गेला. मार्चमधल्या बर्फावर भरवसा ठेवायचा नाही, हे तिचा नवरा डेल पोराला तो बोट धरून चालायचा तेव्हापासून बजावत आला होता. बापाचं ऐकलं असतं तर! पण चोविसाव्या वर्षी कोण ऐकतं? तेव्हापासून डेल तळ्याकाठच्या रस्त्यानं जात नाही, दुधाच्या डेअरीत कामाला जाताना लांबचा वळसा घालतो.

यंदा काही करायचं नाही, असं लोर्नानं ठरवलं होतं. पण नणंद ऐकेल तर ना. "वहिनी, पोरांनी काय पाप केलंय? तू नुसती बस, मी सगळं बघते," असं म्हणून मॅक्सीन पहाटेच येऊन थडकली होती आणि टर्कीच्या पोटात सारण भरून तिनं ती भट्टीत सरकवलीसुद्धा होती. तेव्हा यंदाही सगळं होतं. टीव्हीवर मिरवणूक चालू होती, बरणीत मक्याचे दाणे भरून ठेवले होते, किती आहेत ते सांगेल त्याला सफरचंदाचं सारण भरलेला ॲपल पाय कापायचा पहिला मान. अंगणात पुरुषांचा बॉलचा खेळ चालला होता. चालला होता म्हणजे काय, डेल हातात बॉल धरून नुसता उभा होता, आणि "अरे टाक की!" असं म्हणायची कुणाची छाती होत नव्हती.

"वहिनी," मॅक्सीन हात पुसत बाहेर आली. मोठ्या टेबलाकडे पाहत तिनं आवाज खाली आणला. "ताटं किती मांडू? नऊ का दहा?"

"नऊ."

"आणि खुर्ची? काढून ठेवू का माळ्यावर?"

"खुर्चीला हात लावायचा नाही," लोर्ना म्हणाली. "आहे तिथं राहू दे."

मॅक्सीननं चमकून तिच्याकडे पाहिलं. कारण दोघींनाही ठाऊक होतं की खुर्ची अशी रिकामी राहत नाही.

मोठ्यांच्या टेबलाला दहा खुर्च्या. बाकी सगळ्यांनी मुलांच्या टेबलावर बसायचं, गुडघे हनुवटीला लागले तरी. वर जागा झाली, कुणी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलं, कुणी म्हातारं देवाघरी गेलं, की खालच्या टेबलावरचं सगळ्यांत मोठं पोर वर यायचं. सासऱ्यांनी लावून दिलेला नियम. गॅव्हिन बावीस वर्षांचा होईपर्यंत खाली बसला होता आणि वर आल्यावरही जेवण झालं रे झालं की खाली जाऊन पोरांत लोळायचा. त्याच्यानंतर नंबर होता ब्रीनाचा, मॅक्सीनच्या धाकट्या मुलीचा.

आणि इथंच लोर्नाच्या काळजात काटा रुतून बसला होता.

मागच्या वर्षी याच दिवशी, उंच्यापुऱ्या ब्रीनाचा गुडघा खालच्या टेबलाला थडकला, क्रॅनबेरीची चटणी तिच्या मांडीवर सांडली आणि ती तिथूनच ओरडली होती, "ए गॅव्हिन, मर ना रे एकदाचा! खुर्ची तरी मिळेल मला!" त्यावर गॅव्हिननं छातीवर हात ठेवून, जीभ बाहेर काढून, खुर्चीत मान टाकली होती.

चार महिन्यांत पोर गेलं. अंत्यविधीच्या दिवशी ब्रीना रडत रडत मिठी मारायला आली तेव्हा लोर्ना कोट शोधायच्या निमित्तानं वळली. नंतर फोन आले, ते डेलनं घेतले. शहाण्या माणसानं असं काही मनात धरू नये, हे लोर्नाला समजत नव्हतं असं नाही. समजून काय उपयोग? पोरीचं नाव निघालं की तिला ती ओरड ऐकू यायची आणि अंगाचा तिळपापड व्हायचा.

ब्रीना आली ती दुपारी, कॉलेजच्या गावाहून बसनं. हातात ॲपल पाय होता, कडा करपलेला, स्वतः भाजलेला असावा. "मामी," एवढंच म्हणाली. लोर्नानं तो घेतला, "ठेवते," म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. परत आली तेव्हा पोरगी मुलांच्या टेबलावर पॉलीशेजारी बसली होती, गुडघे आडवे करून, कोटसुद्धा न काढता. खाकी कागदावर तिनं हात ठेवला नव्हता. पॉली तिचा पंजा ओढत होती आणि ती मूठ सोडत नव्हती.

टर्की टेबलावर आली. डेलनं सुरी परजली, माणसं खुर्च्या सरकवून बसली. आठ जण बसले, लोर्ना नववी. तिच्या उजव्या हाताची खुर्ची तेवढी रिकामी राहिली, पुढ्यात ताट नाही की पेला नाही. सगळे सगळीकडे बघत होते, तिकडे सोडून.

आणि मॅक्सीननं, तिचाही जीव टांगणीला लागला होता म्हणून असेल, नको ते केलं. ग्रेव्हीचं भांडं खाली ठेवत ती लाडानं म्हणाली, "ब्रीना, ये गं वर. तुझा नंबर लागला."

शब्द तोंडातून निघाले तशी तिनं ओठ आवळले. उशीर झाला होता. ब्रीना उठली. तिच्या धक्क्यानं खालचं टेबल हललं, दोन पेले कलंडले, आणि ती मागच्या दाराकडे चालू लागली. पळाली नाही, चालत गेली.

"मी बघते," मॅक्सीन अर्धी उठली.

"बस तू," लोर्ना म्हणाली आणि स्वतः उठली. का उठली हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. कदाचित बोलून टाकायचंच होतं तिला एकदा, तोंडावर.

मागच्या दाराशी बूट-कोट काढायची चिंचोळी खोली होती. ब्रीना तिथल्या बाकावर बसून बुटाची नाडी बांधत होती. नाडी बांधली जात नव्हती.

"कुठं निघालीस? आज बस नाही परतीची."

"चालत जाईन हमरस्त्यापर्यंत."

"थंडी बघितलीस बाहेरची?"

"मामी, मला शिव्या घाल," ब्रीना एकदम म्हणाली. "घाल ना! मला माहितीये तुझ्या मनात काय आहे. माझ्याही तेच आहे. रात्रंदिवस तेच आहे. मी म्हटलं होतं. मी म्हटलं होतं मर म्हणून."

आठ महिने लोर्नानं या क्षणासाठी वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही ओठांवर येईना. समोरची पोरगी किती रोड झाली आहे, एवढंच तिला दिसत राहिलं.

"सगळे हसले होते गं मामी," ब्रीना नाडीकडे बघत पुटपुटली. "मला वाटलं, चाललं. तू पण हसलीस ना?"

लोर्नानं भिंतीला हात लावला. तिथल्या खुंटीवर गॅव्हिनचं केशरी जाकीट अजून होतं, त्याच्या बाहीला तिचा हात लागला.

हो, हसली होती. साधंसुधं नाही, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली होती. जीभ बाहेर काढून मान टाकलेल्या आपल्या पोराकडे बघून तिनं टेबलावर थाप मारली होती आणि "मेला गं बाई, मेला!" असं तीच म्हणाली होती. या आठ महिन्यांत ती ओरड तिनं हजारदा आठवली होती, आणि त्याच्यापुढचं आपलं हसणं प्रत्येक वेळी गाळलं होतं.

ती खाली बसली, त्या ओल्या बुटांच्या गर्दीत, गुडघ्यांवर. ब्रीनाचा पाय मांडीवर घेऊन तिनं बूट काढला, मग दुसरा काढला. दोघींपैकी कुणी रडलं नाही, म्हणजे आवाज काही झाला नाही.

"ऊठ," लोर्ना म्हणाली. "जेवण निवतंय."

"मी खालीच बसते, मामी. प्लीज."

"किती दिवस बसशील खाली? गुडघे बघ तुझे."

तिनं ब्रीनाला हाताला धरून आत आणलं. कपाटातून ताट काढलं, पेला काढला, रिकाम्या जागी मांडला आणि खुर्ची मागे ओढली. खुर्चीचे पाय फरशीवर करकरले. ब्रीना बसली, अगदी कडेवर, उठायला सांगितलं तर उठता यावं अशी. डेलच्या हातात सुरी तशीच होती. मॅक्सीननं नॅपकिन तोंडाला लावला होता.

तेवढ्यात खालच्या टेबलावरून टाळ्या ऐकू आल्या.

पॉली खुर्चीवर उभी राहून टाळ्या वाजवत होती. खालचं माणूस वर गेलं की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, आरोळ्या ठोकायच्या, पेल्यांवर चमचे आपटायचे, ही रीत तिला पक्की ठाऊक होती. गॅव्हिनकाका वर गेला तेव्हा घर डोक्यावर घेतलं होतं म्हणे. आज कुणीच साथ देईना. तिच्या टाळ्या हळूहळू विरळ झाल्या. ती गोंधळून एकेकाच्या तोंडाकडे बघू लागली.

"वाजवायच्या नाहीत का?" तिनं विचारलं.

नऊ मोठी माणसं, आणि एकाचाही हात उठेना. वाजवल्या की जागा भरली. जागा भरली की गॅव्हिन त्या दारातून बूट झाडत, "टर्की संपवली का रे सगळी?" असं ओरडत यायचा उरला नाही. आठ महिने लोर्नानं तेवढी फट उघडी ठेवली होती, कुणाला न सांगता.

तिनं हात उचलले. एकदा वाजवली. मग पुन्हा.

ब्रीनानं तोंड झाकून घेतलं. मॅक्सीननं वाजवली, तिच्या नवऱ्यानं वाजवली, कुणीतरी पेल्यावर चमचा हलकेच आपटला, पॉली आनंदानं किंचाळली. टेबलभर टाळ्या झाल्या आणि संपल्या. लोकांनी हात खाली घेतले, नॅपकिन मांडीवर पसरले.

लोर्नाच्या टाळ्या काही थांबेनात. ब्रीनाकडे बघत, ओठ घट्ट मिटून, ती एकटीच वाजवत राहिली. तळवे लाल झाले तरी वाजवत राहिली. शेवटी डेलनं सुरी खाली ठेवली, टेबलाला वळसा घालून तो तिच्या मागं आला, तिचे दोन्ही हात आपल्या हातात धरले आणि तसेच टेबलावर टेकवून ठेवले.

"बटाटे द्या रे इकडे कुणीतरी," तो म्हणाला. "ब्रीनाला आधी वाढा."