फळीचं माप

आमच्या जानूला पांगुळगाडा करून द्यायचं यांनी मनावर घेतलं, तेव्हा वलगावात सुतार उरला नव्हता. तो लढाईच्या कामावर जबलपूरला गेला होता, आणि खिळे तर अमरावतीच्या बाजारातही मिळेनासे झाले होते. दुसऱ्या कोणी नाद सोडला असता. पण आमचे हे, सूर्यभान, एकदा डोक्यात खूळ शिरलं की कोणाच्या बापाचं ऐकायचे नाहीत.

खुळाला कारण होतं. जानू, आमचा एकुलता एक, चौथ्या वर्षात होता आणि उभा राहत नव्हता. अमरावतीच्या डॉक्टरांनी त्याचे पाय दाबून, वाकवून पाहिले आणि आम्हा दोघांना स्वच्छ सांगितलं, या पायांत ताकद येणार नाही. बैलबंडीतून घरी परतलो. सासूबाईंनी विचारलं, तर हे म्हणाले, "डाक्तर म्हनते, वेळ लागन." मी तोंड उघडणार तोच यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प झाले.

दुसऱ्या दिवशी गोठ्यात यांनी लाकूड कातायचा खराद उभा केला. ताक घुसळायच्या रवीवरून सुचला म्हणे. जमिनीत रोवलेल्या दोन मेढी, त्यांना आतून लोखंडी टोकं, टोकांमध्ये अडकवलेलं लाकूड आणि लाकडाला वेढे दिलेली दोरी. दोरी मी ओढायची, एकदा इकडे, एकदा तिकडे, आणि यांनी पटाशी टेकवायची. लाकूड पुढे फिरलं की पटाशी चावायची, मागे फिरलं की उचलायची. माझे हात भरून यायचे, पण यांचं आपलं "ओढ, ओढ" चालूच.

पहिली चाकं ताज्या बाभळीची. ती वाळली आणि अंड्यासारखी लांबट झाली. मग मोडक्या तिफणीचं लाकूड घेतलं, तर त्यात जुना खिळा लपलेला. पटाशीची धारच गेली. शेवटी सासऱ्यांच्या वेळची मोडकी बैलबंडी फोडली. तिच्या चाकांच्या मधल्या तुंब्यांतून गाड्याची चाकं निघाली, आऱ्यांचे कातीव दांडे झाले. सगळे सांधे खाचेत कुसू बसवून आणि पाचर ठोकून केलेले, एक खिळा नाही. खरं सांगते, गाडा देखणा झाला. देखणा झाला म्हणूनच मला त्याचा जास्त राग यायचा.

कारण रोज सकाळी जानूला त्यात उभं करायचं. काखेत फडकं बांधायचं, हात दांड्यावर ठेवायचे. गाडा पुढे जायचा, पाय मागेच लोळत राहायचे, आणि पोर रडून रडून निळं पडायचं. मग यांचं सुरू: चाकं हलकी आहेत, दांडा उंच झाला, लाकूडच वाईट. सासूबाईंची साथ होतीच. "माहा सूर्यभान बी उशिराच चालला होता," त्या म्हणायच्या. की पुन्हा माझ्या हातात दोरी.

एक दिवस फडकं सुटलं आणि जानू तोंडावर आपटला. हनुवटी फुटली. मी धावत जाऊन त्याला उचललं, आणि पाहते तर हे गाड्याचं चाक फिरवून बघत होते. माझ्या मनाचा तोल गेला.

"लाकडात काय पाह्यता?" मी ओरडले. "डाक्तरनं सांगतलं तवा कान नोते का तुमाले? नाई चालनार तो! कदी नाई चालनार! एकदा तोंडानं म्हना, अन् सोडा माह्या लेकराले!"

सासूबाई दारात होत्या. डॉक्टरांचं खरं बोलणं त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं. हे त्या दिवशी जेवले नाहीत.

पुढे कितीतरी दिवस गाडा कोपऱ्यात पडून होता. मग एका सकाळी गोठ्यातून ठोकण्याचा आवाज आला. जाऊन पाहिलं, तर हे पाचरी काढून गाडा सुटा करत होते, एकही दांडा न मोडता. पुढ्यात जुन्या बंडीची एक रुंद फळी होती.

"याचा बसाचा गाडा करतो," माझ्याकडे न पाहता म्हणाले. "खाली चाकं, मांगं टेकाले दांडे."

मला हायसं वाटलं. सुटलं बाई एकदाचं पोर! माप घ्यायला म्हणून मी जानूला उचलून आणलं. यांनी त्याला घेतलं नाही. स्वतःच फळीवर मांडी घालून बसले आणि दोन्ही गुडघ्यांच्या बाहेरून कोळशाने एकेक रेघ ओढली.

"एवढी मोठी कायले?" मी विचारलं. "लेकरू हरपून जाईन त्याच्यात."

"मोठा होईन ना तो," हे म्हणाले. "माह्याएवढा होईन. आपल्या मांगं त्याले कोन करून देईन?"

तो चालणार नाही असं एकदा तोंडानं म्हणा, हे मीच म्हटलं होतं. ओरडून म्हटलं होतं. पण त्या दोन रेघांमध्ये मला माझा लेक दिसला, मिशा फुटलेला, बापाएवढा, तिथेच बसलेला. आणि तेव्हा कळलं, इतके दिवस दोरी ओढताना मीही डॉक्टर खोटा ठरायची वाट पाहत होते. यांच्यापेक्षा जास्तच.

मोठ्या फळीला चाकं जाड हवी होती. यांनी खरादाच्या टोकांत नवा तुकडा अडकवला आणि दोरी माझ्यापुढे धरली. माझे हात उचलेनात. जानूला छातीशी धरून मी तिथेच रडत बसले.

सासूबाई आत आल्या. फळीवरच्या रेघा त्यांनी पाहिल्या. मग पदर खोचून मेढीपाशी बसल्या.

"आन इकडे," त्या आपल्या लेकाला म्हणाल्या, आणि दोरी ओढू लागल्या.