करड्या रंगाचा कौल

जुन्या स्पोर्ट्स कार विकणाऱ्या त्या शोरूममध्ये आम्ही पाऊल टाकलं, तेव्हा आत दर्शनाला असावी तशी रांग होती. सगळी शिकलेली माणसं. न शिकलेल्यांकडे स्पोर्ट्स कार सहसा नसतात. एसी असा सोडला होता की दुधाची पिशवी टेबलावर ठेवली तरी नासली नसती.

“ऊर्जा स्थिर राहावी म्हणून,” मालक हात जोडून म्हणाला.

मधोमध पांढऱ्या सोफ्यावर रंगयोगी बसले होते.

“कारखाना देतो तो गाडीचा वरचा रंग,” ते सांगत होते. “आतला रंग वेगळाच असतो. दोन्ही जुळले नाहीत, की गिऱ्हाईक दारापर्यंत येतं आणि परत जातं. का जातं, ते त्यालाही सांगता येत नाही.”

रांगेतल्या माना हलल्या. ज्यांची गाडी विकली जात नाही, त्यांना कुणीतरी कारण सांगितलं की फार बरं वाटतं.

कौल लावायची रीत सोपी होती. आपल्या गाडीच्या रंगाचा एक पत्रा समोर ठेवायचा, त्यावर तळहात दाबायचा, डोळे मिटायचे आणि गाडीचा चासी नंबर मंत्रासारखा पुटपुटत राहायचा. थांबायला सांगेपर्यंत. मग हात उचलायचा.

आमच्या पुढे बँकेतले एक साहेब होते. त्यांनी लाल पत्र्यावरून हात उचलला, तर तिथे करड्या रंगाचा पंजा उमटलेला. पाची बोटं स्पष्ट. हॉलमध्ये हुंकार उठला.

“माझीच बोटं आहेत,” साहेब म्हणाले. इतकी वर्षं ती कुणाची होती कोण जाणे.

“गाडी करडा मागते आहे,” योगी म्हणाले. “मागच्या शेडमध्ये आजच रंगवून घ्या.”

त्यांच्या आधीच्या निळ्या गाडीनेही करडाच मागितला होता. मी विचारलं, “महाराज, सगळ्यांनाच करडा कसा?”

“काळ करडा आहे, काका.”

शेडच्या दाराशी करड्या रंगाच्या डब्यांची उतरंड दिसत होती. काळाची तयारी जय्यत होती.

मी ताईबरोबर आलो होतो. भाऊजी गेल्यापासून ती रडली नव्हती. लोक येऊन रडून गेले, तिने त्यांना पाणी दिलं. कुणीही काहीही सुचवलं की ती “बरं” म्हणायची. भाऊजींचे कपडे देऊन टाक, बरं. खोली भाड्याने दे, बरं. तिचे हात बर्फासारखे गार असत आणि ते तिच्या लक्षातही येत नसे.

भाऊजी दातांचे डॉक्टर. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही गाडी घेतली, आणि तीही हळदीसारखी पिवळी. “जन्मभर लोकांचा पिवळेपणा घासून काढला,” ते म्हणाले होते, “थोडा आता माझ्यासाठी राहू दे.” तेव्हा ताई पोट धरून हसली होती. आता गॅरेजचं दार उघडलं की पिवळं अंगावर येतं, म्हणून गाडी विकायची होती. विकायला माझी ना नव्हती. पण त्या पिवळ्यावर कुणी करडा फासायला निघालं आणि ही “बरं” म्हणाली, तर भाऊजींची ती एक थट्टाही पुसली जाणार, ही माझी धास्ती होती.

त्यात बाजूच्या टेबलावरचं बोलणं कानावर पडलं. एका गृहस्थांनी मागेच कौल मानून इथेच गाडी रंगवून घेतली होती आणि आज ते ती विकायला आले होते.

“रंग मारलाय ना हिला,” मालकाचा मेव्हणा त्यांना सांगत होता, “म्हणजे कुठेतरी ठोकली असणार.”

“अहो, रंग तुम्हीच मारलात.”

“आम्हाला माहितीये हो. बाजाराला कोण सांगणार? भाव पडणारच.”

ताईचा नंबर आला. तिने पिवळ्या पत्र्यावर हात ठेवला, चासी नंबर पुटपुटली, हात उचलला. पत्रा पिवळाच.

“पुन्हा,” योगी म्हणाले.

पुन्हा पिवळाच. मालकाने योग्यांकडे पाहिलं, योग्यांनी छताकडे.

“कोण गेलंय घरातलं?” त्यांनी आवाज खाली आणून विचारलं. ताईच्या मोकळ्या कपाळाकडे पाहून हे कुणीही ओळखलं असतं.

“आमचे हे.”

“त्यांचा जीव गाडीत अडकलाय. तो पंजा उमटू देत नाही. रंग बदलल्याशिवाय सुटायचा नाही.”

“बरं,” ताई म्हणाली.

मी तोंड उघडलं, पण मालक माझ्याहून चपळ. त्याने सहीचा कागद पुढे सरकवला आणि चहा मागवला. चहा वाफाळता होता. ताईने एक घोट घेतला. सहीला हात मोकळा हवा, आणि काचेच्या टेबलावर नुसता कप ठेवणं तिच्याच्याने जन्मात झालं नाही. डाग पडतो. तिने कप त्या पत्र्यावर टेकवला, पेन उघडलं, कागद वाचल्यासारखं केलं. मग आणखी एका घोटासाठी कप उचलला.

पत्र्यावर करड्या रंगाचं गोल वर्तुळ होतं.

ताई त्याच्याकडे बघत राहिली. “कपाची गाडी कुठली?” तिने विचारलं. ती थट्टा करत नव्हती. तिला खरंच कळेना.

“आपला स्पर्श झालाय कपाला,” योगी म्हणाले.

ताईने पेन ठेवलं. दोन्ही हातांनी कप धरला, बराच वेळ धरून ठेवला आणि मग तळहात पत्र्यावर दाबला. चासी नंबर म्हटला नाही. हात उचलला तेव्हा करडा पंजा उमटलेला होता, आणि कपाचं वर्तुळ मात्र पुन्हा पिवळं होत चाललं होतं.

“माझे हात गार होते,” ती म्हणाली. “कुणी अडकलेलं नाही.”

भेटवस्तूंच्या दुकानात एक कप मिळतो, गरम चहा ओतला की त्यावर नवरा-बायकोचा फोटो दिसतो. तोच हा रंग. खाली साधा करडा, वर ऊब लागली की पारदर्शक होणारा थर. म्हणून एवढा एसी. आणि चासी नंबर लांबलचक असतो, तो घोकेपर्यंत पत्रा तापतो. मी हे मोठ्याने सांगितलं. साहेबांनी आपला चहा लाल पत्र्यावर ठेवून पाहिला, मग रांगेतल्या सगळ्यांनाच चहाची तल्लफ आली. बाजूच्या टेबलावरचे गृहस्थ उठून मालकासमोर येऊन उभे राहिले.

बाहेर ऊन रणरणत होतं. ताई पिवळ्या गाडीत चालकाच्या जागेवर बसली आणि तिने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.

“भाजतंय रे,” ती म्हणाली. हात काढले नाहीत. डोळ्यांतून पाणी येत होतं. उन्हाने असेल. एरवी मला प्रत्येक गोष्टीचं कारण शोधायची खोड आहे, त्या दिवशी त्या खोडीला सुट्टी दिली.

पुढे गाडी विकली गेली, पिवळीच, आणि चांगल्या भावाने. घेणाऱ्या बाईंना पिवळीच हवी होती. म्हणून पिवळ्याला नेहमीच भाव येतो असं समजू नका, नाहीतर उद्या मीच सोफ्यावर बसेन. रंगाने भाव चढतो आणि उतरतोही, पण तो घेणाऱ्यांच्या आवडीने. चार ठिकाणी चौकशी केली की कळतो, त्याला कौल लागत नाही. आणि दुःखात असलेल्या माणसाला कुणी गेलेल्याचा निरोप सांगायला लागलं, तर त्याच्या हातून कागद काढून घ्या आणि चहा मागवा. जो चमत्कार चहाच्या कपालाही जमतो, त्यासाठी चपला काढायचं कारण नाही.