न वाजलेली शिट्टी

मित्रांनो, घाबरू नका, गॅस बंद आहे. मी एक जुना कुकर आहे. माझ्या बुडाला पोचे पडले आहेत आणि एक कान सैल झाला आहे. मला बोलता येत नाही, फक्त शिट्टी देता येते. म्हणून माझे आयुष्य मी शिट्ट्यांच्या हिशेबानेच सांगतो.

पहिली शिट्टी

कारखान्यात एका चपट्या चकतीवर यंत्राचा दाब पडला आणि मला पोट मिळाले. मग झाकण, रबरी रिंग, शिट्टी. शेवटी झाकणावर एक बटणाएवढी वस्तू बसवली. तिला सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणतात. शिट्टीची वाट बुजली आणि आत वाफ कोंडली, तर या व्हॉल्व्हने स्वतः वितळायचे आणि वाफेला वाट द्यायची. एवढेच त्याचे काम. ते करायची वेळ कधी येऊ नये, असेच सगळ्यांना वाटते.

काकूंच्या लग्नात मी आहेर म्हणून आलो. "हा माझा उजवा हात," असे त्या शेजारणींना सांगत. मग घरात नवा, चकचकीत कुकर आला. उजवा हात माळ्यावर गेला. माझ्या पोटात कांदे राहू लागले. कांद्यांना मोड आले तरी कोणी झाकण उचलले नाही.

दुसरी शिट्टी

काकूंच्या चर्चमधली मंडळी परदेशी सेवेला निघाली. तिथल्या एका वसतिगृहाच्या मुलांसाठी दोन खोल्या बांधायच्या होत्या. स्वयंपाक काकूंकडे आणि त्यांच्या नणंदेकडे होता.

"नवा नेला आणि तिकडे हरवला, तर हळहळ वाटेल," काकू म्हणाल्या. "हा हरवला तर हरवला."

मित्रांनो, ऐकायला बरे वाटले नाही. पण माळ्यापेक्षा विमान बरे.

विमानतळावर तपासणीच्या टेबलावर माझे झाकण उघडले. आत वाटाणे आणि वाटाण्यांत खुपसलेले मोजे. अधिकारी दोन पावले मागे सरकला.

"वहिनी, त्याला हा बाँब वाटतोय," नणंद कुजबुजली.

"तू आधी दात काढू नकोस," काकू म्हणाल्या.

तिथले दिवस सारखेच असत. पहाटे न्हाणीघरापुढे रांग, मग एक गीत, मग विटा. दुपारी हाताला फोड आलेली माणसे जेवायला येत. लांबलचक टेबल, त्याच्या एका अंगाला ओटा, ओट्यावर मी. जेवणाआधी चर्चचे पाळकसाहेब प्रार्थना करीत. त्यांच्या प्रार्थनेत विटाही यायच्या, वाळूही यायची आणि सिमेंट आणणारा ट्रकही यायचा. 'आमेन' होईपर्यंत कोणी डोळे उघडायचे नाहीत, जागचे हलायचे नाही. एकदा नणंद दूध उतू जाते म्हणून मध्येच उठली. पाळकसाहेबांनी सगळ्यांसमोर विचारले, "ताई, दूध मोठं की देव?" त्या दिवशी ती जेवली नाही.

पहिल्याच दिवशी टोपीत चिठ्ठ्या टाकून फिरवल्या होत्या. ज्याला ज्याचे नाव येईल, त्याने त्या माणसाची मुक्कामभर सेवा करायची, पण गुपचूप. उजव्या हाताचे डाव्या हाताला कळू द्यायचे नाही. कोणाचे बूट आपोआप पुसले जात, कोणाच्या उशीवर गोड गोळी सापडे.

काकूंच्या नावाची चिठ्ठी 'हातोडी'ला आली होती. हा एक धडपड्या गृहस्थ. खिशात कायम हातोडी, म्हणून हे नाव. त्याने दुरुस्त केलेल्या घड्याळात नेहमी दोन स्क्रू उरत.

काकू एकदा सहज म्हणाल्या, "याचा सेफ्टी झिरपतोय गं. घरी गेल्यावर बदलू."

हातोडीने ते ऐकले. दुपारी ओटा रिकामा असताना तो आला. पाइपांची गळती बुजवायची घट्ट लांबी त्याने मळली आणि झाकणाच्या आतून माझ्या व्हॉल्व्हवर थापली. वरून मला घासूनपुसून लख्ख केले.

"अगंबाई, झिरपणं थांबलं!" काकू हरखल्या. "कोण बाई हा देवदूत?"

माझा गळा आवळला होता, आणि सगळे माझ्या रूपाचे कौतुक करीत होते.

तिसरी

मित्रांनो, इथे शिट्टी हवी होती.

त्या दिवशी वसतिगृहातली मुले जेवायला जास्त आली. काकूंनी घाईने वाटाण्यांचा दुसरा घाणा लावला. गॅस मोठा. वाटाण्याचे एक साल उडाले आणि शिट्टीच्या भोकात खालून जाऊन बसले.

"या रे सगळे, डोळे मिटा," पाळकसाहेब म्हणाले.

काकूंनी ओट्याशीच, माझ्यापासून हातभर अंतरावर, डोळे मिटले. त्यांचा चेहरा माझ्या झाकणासमोर होता.

विटांसाठी आभार झाले. वाफ वर गेली. वाट नाही.

वाळूसाठी आभार. वाफ व्हॉल्व्हकडे गेली. तिथे लांबी.

माझा सैल कान थरथरू लागला. विमानतळावरच्या अधिकाऱ्याला जे वाटले होते, तेच मी आता होत चाललो होतो. मला ओरडायचे होते. काकू, मागे व्हा. काकू

मा

पाळकसाहेब ट्रकपर्यंत आले.

टेबलाच्या ओट्याजवळच्या टोकाला नणंदेने एक डोळा किलकिला केला. एव्हाना शिट्टी व्हायला हवी होती. तिने माझा कान हलताना पाहिला. मग पाळकसाहेबांकडे पाहिले. दूध मोठे की देव? ती अर्धी उठली, बसली.

"...आणि त्या ट्रकच्या चालकाच्या कुटुंबावर..."

"आमेन!" नणंद कडाडली.

"आमेन!" सवयीने सगळे म्हणाले आणि सगळ्यांचे डोळे उघडले. तोवर तिने गॅस बंद करून काकूंना दंडाला धरून ओढले होते.

"बाहेर! पोरांना बाहेर काढा! शिट्टी होत नाहीये!"

भिंतीपलीकडे सगळे उभे राहिले. मी एकटा ओट्यावर. आतली वाफ धडका देत होती. मी रिंग धरून ठेवली. हळूहळू धडका मंदावल्या. कान थांबला. मी गार झालो.

वाफ गेल्यावर

काकूंनी झाकण उलटे करून व्हॉल्व्हवर नख मारले. "हे कोणी लिंपलं?"

मग हातोडी पुढे आला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "तुमची चिठ्ठी माझ्याकडे आली होती, काकू. सांगायचं नव्हतं ना."

"अरे मेल्या, विचारायचं तरी होतंस!" काकू म्हणाल्या आणि मटकन खाली बसल्या. नणंद त्यांच्या तोंडावरून पुन्हा पुन्हा हात फिरवत राहिली.

पाळकसाहेब तिच्यापुढे आले. "ताई, त्या दिवशी दुधावरून मी बोललो, ते चुकलं माझं."

"राहू द्या हो. ट्रकवाल्याचं तेवढं राहिलंय, ते पूर्ण करा," ती म्हणाली. मग ती रडली आणि हसलीही.

मित्रांनो, आता मी माळ्यावर नसतो. माझ्या झाकणावर नवा व्हॉल्व्ह आहे आणि काकू रोज शिट्टीचे भोक उजेडाकडे धरून पाहतात. कोणाची वस्तू जपायची असेल, तर आधी त्याला विचारा आणि जे केले ते सांगा. जे झिरपते, ते काही सांगत असते. त्याचे तोंड बंद करू नका.

आजही ही मंडळी एकत्र जेवायला बसली, की पाळकसाहेब हात जोडतात, पण डोळे मिटत नाहीत. आधी ओट्याकडे पाहून विचारतात, "ताई, गॅस?"

"बंद!" नणंद म्हणते.

मगच सगळे डोळे मिटतात.