बारमाही पाण्याचं टाकं

मी डोंगरवाटांचं पुस्तक बोलतोय. आधीच सांगून ठेवतो, माझ्यावर विश्वास ठेवू नका. ज्यानं मला लिहिलं त्याच्यावर तर मुळीच नको.

माझा जन्म लातुरात, पंख्याखाली झाला. माझे लेखक अण्णाराव. सह्याद्रीतल्या वाटा त्यांनी खुर्चीत बसून लिहिल्या. डोंगराच्या लांब सोंडेवरून जाणाऱ्या एका वाटेपाशी अडले, तेव्हा तिकडच्या कुणाला तरी फोन लावला. "वर सोंडेवर पाणी हाय का हो?"

"असंल," तो म्हणाला.

अण्णारावांनी फोन ठेवला आणि लिहिलं, 'सोंडेवर बारमाही गोड्या पाण्याचं टाकं आहे. पाणी वाहून नेण्याची गरज नाही.' माझं एकशेबारावं पान ते.

पुढं मी नांदेडला जिलानीभाईंच्या दुकानात आलो. गुळगुळीत कागद, पानोपानी रंगीत फोटो. शेजारी एक बारीक, काळंपांढरं पुस्तक होतं. एका दुपारी कॉलेजातली दोन माणसं आली, खेळ शिकवणाऱ्या रईसा मॅडम आणि इतिहासाचे मृत्युंजय सर. फेब्रुवारीत अकरा मुलींना घेऊन त्यांना त्याच सोंडेवर जायचं होतं.

मॅडमनी बारीक पुस्तक उचललं. "सर, हे चालून लिहिलेलं दिसतंय. बघा, 'सोंडेवर मला पाणी आढळलं नाही, खात्री करून जा.'"

"ज्याला खात्री न्हाई त्याचं पुस्तक कशाला घ्यायचं?" सरांनी मला उचललं. "हे बघा, स्पष्ट लिहिलंय. बारमाही!"

जिलानीभाई म्हणाले, "सर, डोंगरात जाणारी पोरं ते बारीकच नेतात."

"तुम्ही तुमचं दुकान बघा."

मॅडमनी बारीक पुस्तक जागेवर ठेवलं. सहलीचे प्रमुख सर होते. खोटं कशाला बोलू, त्या शेजाऱ्याला मागं टाकून पिशवीत पडताना मलाही माज चढला होता.

डोंगरात सकाळी ओढा लागला. "बाटल्या भरू नका, उगं वजन," सर म्हणाले. दुपारी एकला सगळे सोंडेवर पोचले. तिथं कातळ होता, वाळकं गवत होतं. टाकं आटलेलं नव्हतं, ते नव्हतंच. बाटल्या केव्हाच रिकाम्या झालेल्या. मनतशा नावाची मुलगी मटकन खाली बसली. ओठ पांढरे पडलेले, बोलणं असंबद्ध.

"अजून अर्धा तास चालू," सर म्हणाले. "पुस्तकात हाय म्हणजे असणारच."

"पुस्तकाला तहान लागत न्हाई, सर. पोरीला लागती. मागं फिरा."

"प्रमुख मी हाय."

"मग तुम्ही जा पुढं. पोरी माझ्यासंग येतील."

दहाही जणी उठल्या. मनतशाला मॅडमनी खांद्याचा आधार दिला. ओढ्यापर्यंत तीन तास लागले. वाटेत मनतशा दोनदा कोसळली. ओढ्याशी ती घोटघोट पाणी प्यायली, ओकली, पुन्हा प्यायली आणि मग रडायला लागली. ते रडणं ऐकल्यावरच मॅडम खाली बसल्या.

सर सगळ्यांच्या मागून आले. मला उघडून म्हणाले, "आपलंच चुकलं असंल. डावीकडं वळायला पाहिजे होतं." मला त्यांची किळस आली. माझीही आली. मॅडमनी त्यांच्या हातातून मला ओढून घेतलं.

पुढच्या रविवारी त्या मला घेऊन लातूरला अण्णारावांच्या घरी गेल्या. पान उघडून विचारलं, "हे टाकं तुम्ही बघितलंय?"

"एवढं मोठं पुस्तक. सगळीकडं कसं जाणार, बाई? कुणीतरी सांगितलं होतं."

"माझी विद्यार्थिनी मेली असती."

"मेली न्हाई ना?" अण्णारावांनी खिशातला पेन काढला आणि माझ्या पहिल्या पानावर झोकात लिहिलं, 'सप्रेम भेट'. खाली सही केली. "घ्या. नवी आवृत्ती निघायलीय, तिच्यात बघू."

मॅडमनी तोच पेन त्यांच्या हातातून घेतला. एकशेबाराव्या पानावरची ती ओळ खोडली. वर लिहिलं, 'इथं पाणी नाही.' मग पान त्यांच्यासमोर सरकवलं. "आता इथं करा सही."

अण्णारावांनी हात मागं घेतला. "असं कसं करता येईल? लोक काय म्हणतील?"

आज मी कॉलेजच्या वाचनालयात आहे. त्या ओळीखालची जागा अजून कोरी आहे. नवी आवृत्ती बाजारात आली, माझ्याहून देखणी, आणि तिच्यात ते टाकं तसंच आहे. तुमच्या हातात पडली, तर तिला फळीवर परत ठेवा. आणि निघताना बाटल्या भरून घ्या.